वीसची रेघ

इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, नाहीतर १००. सिरिंजही वेगळ्या: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी. मी नवीन स्टाफ नर्स असताना एका आजोबांना रात्रीच्या जेवणाआधी वीस युनिट लिहिलेलं होतं. बाटली १०० ची आणि हातात सिरिंज लाल टोपीची. वीसच्या रेघेपर्यंत भरली, म्हणजे पन्नास युनिट गेलं. बाराच्या सुमारास आजोबा घामानं थबथबले, हाकेला ओ देईनात. शिरेतून ग्लुकोज दिलं, म्हणून वाचले.

सोबतच्या मैत्रिणीनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, साखर उतरली." केसपेपरवरही तेवढंच लिहिलं. मेमोची भीती होती. पुढच्याच महिन्यात शेजारच्या वॉर्डात तसंच घडलं. त्या मुलीला मेमो मिळाला आणि मी गप्प राहिले. दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये एकाच ट्रेमध्ये असत, हे कुणीच विचारलं नाही.

आपल्याकडे कामाची तपासणी म्हणजे गोपनीय अहवाल. तो वर्षातून एकदा वरिष्ठ लिहिणार. पण नाडी न मोजता सगळ्या वॉर्डाला '८०' कोण लिहितं, हे मेट्रनला कुठून कळणार? ते शेजारच्या टेबलावरच्या नर्सला कळतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या संघटनेनं १९८८ मध्ये समकक्ष परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा हाच, की काम पाहणारी त्याच पदावरची हवी, पाहणं नेहमीचं हवं आणि सांगणं निनावी नको. हे शेवटचं मला फार पटतं. निनावी चिठ्ठ्यांनी आपल्या इस्पितळांत काय काय झालंय, ते जाऊ द्या.

पुढे मी परिसेविका झाले तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा, ओव्हर झाल्यावर वीस मिनिटं ठरवली. दोघींनी एकमेकींचे तीन-तीन केसपेपर पाहायचे आणि समोरासमोर बोलायचं. त्यावरून मेमो निघणार नाही, हे मेट्रनबाईंकडून आधी कबूल करून घेतलं. जाणूनबुजून केलेल्या हयगयीची चौकशी वेगळी, ती चुकवायची नव्हती. पहिले दोन महिने सगळं "छान आहे, छान आहे." चाळीस रुग्णांना एक नर्स असताना आणखी वीस मिनिटं कुठून आणायची, अशी कुरकुरही झाली. ती खोटी नव्हती.

मग मी माझेही पेपर मांडले. नियमानं त्या माझ्या समकक्ष नव्हत्या, तरीही. एक नवी मुलगी चाचरत म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सही आधी करता, गोळ्या नंतर देता." खरंच होतं. त्या दिवशी मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दोघींनी सांगितलं, की त्यांच्या हातूनही असं होता होता राहिलं होतं. त्याच आठवड्यात १०० च्या बाटल्यांना वेगळा डबा मिळाला, केशरी चिकटपट्टी लावलेला.