अळी शिकली नाही, निवडली गेली



"बोंडअळी बीटीला सरावली," असं आपण पारावर बोलतो. पण अळी सरावत नाही, शिकतही नाही. आपण ज्वारीची भरदार कणसं निवडून बियाण्याला ठेवतो. पुढच्या साली त्यांचाच वंश रानात उभा राहतो. इथंही तेच झालं. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचवणारी असते. बीटीनं बाकीच्या मारल्या, उरली तिचाच वंश वाढला.

बीटी कापूस २००२ साली आला, दोन विषांचा २००६ साली. पहिलं विष पचवणारी गुलाबी अळी गुजरातेत सापडल्याचं २०१० साली जाहीर झालं. पुढे दुसरंही पचलं, आणि २०१७ च्या खरिपात आपली बोंडं आतून किडली. हिरवी अळी तूर-हरभऱ्यावरही जगते. गुलाबीचा संसार जवळजवळ कपाशीवरच. म्हणून तिची निवड कडक झाली.

बिगरबीटीच्या ओळी याचसाठी होत्या. तिथले साधे पतंग विष पचवणाऱ्यांशी जुगले, की त्यांच्या बहुतेक अळ्या बीटीवर मरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी त्या ओळी लावल्या, पुढे वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ साली त्या देशातल्या कपाशीतून ही अळी निर्वंश झाल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं.

आपल्या हाती आज काय? फरदड नको. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या रानाबाहेर काढा. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून हे एकट्यानं नव्हे, सगळ्या गावानं मिळून ठरवू या.