गुंजभर जास्त

मी मूळची टी. नरसीपूरची, म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातली. आज पुण्यात राहते. आजीविषयी बोला असं आयोजकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं की आमच्या आजीवर वीस मिनिटं बोलण्यासारखं काही नाही. मग घरी आले आणि झोप लागेना. म्हणून आज बोलायला उभी आहे.

आधी गाव सांगते, कारण महाराष्ट्रातल्या लोकांना ते माहीत नसतं. म्हैसूरपासून साधारण तीस किलोमीटर. कावेरी आणि कपिला, म्हणजे कबिनी, इथे मिळतात. तिसरं म्हणजे स्फटिक सरोवर, ते डोळ्यांना दिसत नाही, पण संगमात धरतात. म्हणून त्रिमकूट, कन्नडमध्ये तिरुमकूडलु. गावात गुंजा नरसिंहस्वामींचं देऊळ आहे. देवाच्या हातात गुंजेचा दाणा दाखवलेला आहे. लोक म्हणतात, हे ठिकाण काशीपेक्षा गुंजभर जास्त पवित्र. 1989 साली संगमावर पहिला कुंभमेळा भरला, तेव्हापासून दर तीन वर्षांनी भरतो. तेव्हा मी दहा वर्षांची होते. आजी मला पहाटे पाण्यात बुडवून म्हणाली, "काशीला जायला पैसे कुठले? इथं गुंजभर जास्तच आहे." तिला गुंज म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. एकेकाळी तिचं मंगळसूत्र सोनाराकडे तोलून गेलं होतं.

आम्ही शिंपी. म्हैसूर, बंगळूर भागात आमच्यासारखी मराठी बोलणारी बरीच घरं आहेत, पिढ्यान् पिढ्यांची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमच्या मराठीत सोप्पू होतं, हुणसे होतं, आणि कोणाला चूक वाटत नव्हतं. शाळेत मराठी कुठून असणार? मला देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. आजीला कोणतीच लिपी येत नव्हती.

आजोबा 1952 मध्ये गेले. आजी एकतीस वर्षांची, पदरात दोन मुलं आणि तीन वर्षांची माझी आई. मशीन चालवणारा माणूस गेल्यावर मशीन विकलं. मग तिने काजं धरली. म्हैसूरच्या दुकानदारांकडून बसने शर्टांचे गठ्ठे येत. एका शर्टाला सात-आठ काजं. दोऱ्यावर मेण ओढायचं, कापड चिरायचं, आणि कडेकडेने बारीक टाके घ्यायचे, प्रत्येक टाक्याला गाठ. जो करतो त्यालाच कळतं की डोळ्यांचं काय होतं. या पैशांवर माझी आई एसएसएलसी झाली आणि पुढे म्हैसूरच्या शाळेत शिक्षिका झाली. आई सांगते की दिव्याजवळची जागा तिला मिळायची, अभ्यासासाठी. आजी अंगणातल्या उजेडात बसायची, आणि चांदणं नसलं की काजं दुसऱ्या दिवशी. मला यातलं फार नंतर उमगलं. पोरांना वाटतं की आजीला उजेड लागत नाही.

आता मुद्द्याचं. पहाटे ती जात्यावर नाचणी दळायची, कारण आमच्याकडे दोन वेळा नाचणीचे मुद्देच. दळताना म्हणायची. मराठी ओवी, मध्येच कन्नड शब्द, कधी संगमाच्या पुराबद्दल, कधी आजोबांच्या मशीनबद्दल. ते गठ्ठे घेऊन येणाऱ्या बसच्या कंडक्टरवरही एक होती, त्यावर आई हसून लोळायची. काही तिच्या आईकडून आल्या असतील, काही तिने स्वतः जुळवल्या असतील. कोणत्या कोणाच्या, ते आम्ही विचारलंच नाही.

1998 मध्ये मी कॉलेजात होते. मामांनी आणलेला टेपरेकॉर्डर हाती लागला. म्हटलं, आजी, म्हण. आजी पदर नीट करून बसली, जणू फोटो काढायचाय. मग लाजली. "हे चालू आहे का?" दहा-अकरा मिनिटांची ती टेप आहे. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, शेजारणीशी कन्नडमध्ये मिरच्यांचा भाव आहे, आणि माझा आवाज, "आजी, म्हण ना." ओवी एकही नाही. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी. 2004 मध्ये आजी गेली.

2006 मध्ये लग्न होऊन पुण्यात आले आणि सासूबाईंनी बहिणाबाईंची गाणी वाचायला दिली. हे पुस्तक तुम्ही लहानपणीच वाचलेलं असतं. मी सत्ताविसाव्या वर्षी, अक्षरं जुळवत वाचलं. त्यातली खानदेशातली बोली मला परकी, पण घर ओळखीचं.

बहिणाबाई चौधरी 1880 मध्ये जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं, तिशीत वैधव्य आलं. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव. शेती, घरकाम, सारं अंगावर. त्याही लिहायला शिकल्या नव्हत्या. काम करताना जे सुचेल ते म्हणत. फरक एवढाच की सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्यातलं जेवढं जमेल तेवढं लिहून ठेवलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. स्वतः कवी असलेला मुलगा, आणि आईची गाणी दाखवताना संकोच! अत्रे ऐकून हरखले, त्यांना ते शुद्ध सोनं वाटलं. 1952 मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं. आता जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचं नाव आहे.

माझी आजी बहिणाबाई नव्हती. हे मी स्पष्ट सांगते, नाहीतर प्रत्येक नातवंड आपल्या आजीला कवयित्री करून टाकतं. तिच्या ओव्या कदाचित साध्या असतील. पण ते ठरवायला ओव्या हव्यात, आणि त्या आमच्याजवळ नाहीत. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. मी त्या पाहते तेव्हा पहिल्यांदा गावाचं नाव शोधते. नरसीपूर तिथं असण्याचं कारण नाही. ते महाराष्ट्रात नाही, आणि आमच्या घरातच जी मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन बसली होती ती पुन्हा बसली नाही.

मागच्या दिवाळीत आईला ती टेप मोबाईलवर घालून ऐकवली. आई आता पंच्याहत्तरीची आहे. शिट्ट्या आल्या, मिरच्या आल्या. शेवटाकडे आजीने काहीतरी गुणगुणलं आहे, कुकरच्या आवाजात बुडून गेलेलं. मला त्यात इतकी वर्षं फक्त खाकरणं ऐकू येत होतं. आई म्हणाली, थांब, मागे घे. तीनदा मागे घेतलं. मग ती डोळे मिटून एक ओळ म्हणाली, कंडक्टरची. पुढची आठवेना. मी वही आणली. आईने हाताने जातं फिरवल्यासारखं केलं, हवेतच, उजवा हात गोल गोल. दुसरी ओळ आली.

त्या दिवशी साडेतीन ओव्या झाल्या. चौथीची शेवटची ओळ आईला अजून आठवत नाही. रविवारी फोन केला की मी पहिलं तेच विचारते. ती म्हणते, हात मोकळा नाही गं, भाजी चिरतेय, संध्याकाळी कर.