तवा रिकामा, हंडी भरलेली



गेल्या हिवाळ्यात एका रात्री पुण्याहून माझ्या मुलीचा फोन आला. ती हडपसरला राहते, नोकरी करते आणि रविवारी हौसेनं काही ना काही भाजत असते. त्या दिवशी तिनं दोन भांडी आणली होती. एक होती पाव भाजायची गोल, सपाट, जाड फरशी आणि दुसरी झाकणाची खोल हंडी. दोन्ही स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेल्या मातीची. माहितीचा कागद खोक्याबरोबर रद्दीत गेलेला. तिनं विचारलं, "अब्बा, ओव्हन आधी तापवून मग भांडं आत ठेवायचं, की भांडं ठेवूनच ओव्हन सुरू करायचा? ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते आधी तापव, दुसरी म्हणते तडकेल."

मी कविता लिहिणारा माणूस. स्वयंपाकघरात मला फारसा मान नाही. पण तडकण्याचं नाव निघालं आणि मी गप्प झालो. तिला म्हटलं, "उद्या सांगतो. बडी अम्मीला विचारून सांगतो."

बडी अम्मी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची भाभी. आम्ही अंथुर्ण्यात एकाच वाड्याच्या दोन खणांत राहतो. तिला विचारायला जाणं माझ्यासाठी सोपं नव्हतं. का, ते सांगतो.

अंथुर्णे इंदापूर तालुक्यातलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळं ऊस. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती सोडली की सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. पालखी गावात यायची म्हणजे घराघरांत भाकऱ्यांचा ढीग. आमचं घर मुसलमानाचं, पण भाकरीला कुणी जात विचारली नाही. अम्मा पहाटेपासून काटवटीत पीठ मळायला बसायची.

आमच्याकडं भाकरीला मातीचा तवा होता. नवा तवा कुंभाराकडून आणला की अम्मा तो रात्रभर पाण्यात ठेवायची, दोन दिवस उन्हात वाळवायची, आतून तेलाचं बोट फिरवायची आणि पहिल्या दिवशी चुलीच्या वैलावर, मंद आचेवर नुसताच तापवायची. एवढं झालं की तो चुलीवर चढायचा. भाकरी टाकण्याआधी ती तव्यावर चिमूटभर पीठ टाकून बघायची. पीठ तसंच पांढरं राहिलं तर तवा थंड, लगेच काळं पडलं तर फार तापलेला. हळूहळू तांबूस झालं की पहिली भाकरी पडायची.

साल १९८१ असेल. मी दहा वर्षांचा होतो. भाभी लग्न होऊन घरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या वर्षी पालखीच्या आदल्या रात्री पाऊस झाला. तवा पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला, तिथं गळत होतं. सकाळी अम्मा आणि बाकीच्या बायका पाण्याचे हंडे घेऊन रस्त्यावर गेल्या. पहिल्या भाकऱ्या भाभीनं टाकायच्या असं ठरलं आणि चूल पेटवायचं काम माझ्याकडं आलं.

मला पालखी बघायला जायची घाई. लाकडं ओली होती, धरेनात. मी उसाचं पाचट आणून चुलीत कोंबलं. पाचटाचा जाळ म्हणजे नुसता भडका. तवा उचलला तेव्हा तो हाताला गार आणि ओलसर लागला, हे मला आजही आठवतं. तो तसाच भडक्यावर ठेवला आणि बाहेर पळालो. भाभी पीठ मळून चुलीपाशी आली, तिनं पहिली भाकरी टाकली आणि टण्णकन आवाज झाला. तव्याची दोन शकलं झाली आणि भाकरी राखेत पडली.

दादी म्हणाली, "नव्या सुनेचा पायगुण." पालखीच्या दिवशी, पहिल्याच भाकरीला तवा फुटला, म्हणजे अपशकुनच. आपल्या मराठीत खापर फोडणं म्हणतात, ते मी त्या दिवशी अक्षरशः बघितलं. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही. पुढं दादी होती तोवर पालखीच्या दिवशी भाभीला चुलीपाशी बसू दिलं नाही. ती पाणी शेंदायची, भांडी घासायची.

तवा का फुटला, हे मला बी. ए. झाल्यावरही नीट कळलं नव्हतं. पुढं वाचून आणि कुंभारांशी बोलून कळलं. माती तापली की फुगते, निवली की आकसते. सगळीकडून सारखी फुगली तर काही होत नाही. पण एक बाजू तापून फुगली आणि दुसरी गारच राहिली, तर आतल्या आत ओढाताण होते. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यात ती ओली असेल तर आणखी अवघड. तिच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. हळू तापवलं तर वाफ निघून जायला वाट मिळते. भडक्यावर ती मिळत नाही. भाभीनं टाकलेली गार, ओली भाकरी हा शेवटचा धक्का होता. तव्याचं काम मी आधीच संपवलं होतं.

आता स्टोनवेअरकडं येऊ. ते आपल्याला अगदीच परकं नाही. लोणच्याची जुनी बरणी आठवा, वरून तपकिरी, खालून पांढरट. तिला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो, पण ती स्टोनवेअरच्याच जातीची. कुंभाराचा आवा साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापतो. स्टोनवेअर बाराशे-तेराशे अंशांवर भाजतात, म्हणून त्याची छिद्रं मिटतात, पाणी झिरपत नाही, लोणचं वर्षभर टिकतं.

पण गंमत अशी, की चुलीच्या जाळावर कुंभाराची कच्चट माती टिकते आणि ही पक्की माती तडकते. कुंभार मातीत राख, लीद मिसळतो. भाजताना लीद जळून जाते आणि बारीक पोकळ्या राहतात. एखादी चीर निघाली तर ती त्या पोकळीपाशी अडते. घट्ट स्टोनवेअरमध्ये चिरेला अडवायला कुणी नसतं, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. म्हणून साधं स्टोनवेअर गॅसवर ठेवत नाहीत. त्याला ओव्हनची, चारी बाजूंनी सारखी येणारी धग लागते.

मग आधी तापवायचं की नाही? मला बारामतीची एक बेकरी आठवते. ईदच्या आधी मामांकडं गेलो की आम्ही मैदा, साखर, डालडा घेऊन तिथं नानकटाई करून घ्यायला जायचो. दिवाळीच्या आधी तिथंच हिंदू बायकांची रांग असायची. तिथं भट्टीत लाकडं पेटवून विटा तापेपर्यंत कुणी काही आत घालत नसे. आधी विटा काजळीनं काळ्या व्हायच्या. पुरत्या तापल्या की काजळी जळून त्या पुन्हा स्वच्छ दिसायच्या. मग निखारे बाजूला सारून, ओलं पोतं फिरवून, लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकायचा. पाव तापल्या विटेवर पडला तरच खालून खरपूस होतो. गार विटेवर तो नुसता बसून राहील.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी सकाळी भाभीकडं गेलो. ती ओट्याशी भाकऱ्या करत होती. आता गॅस आहे, लोखंडी तवा आहे. मी मुलीचा प्रश्न सांगितला. फरशी कशी, हंडी कशी, ते हातानं दाखवलं. तिनं भाकरी उलटली आणि आमच्या दख्खनी बोलीत म्हणाली, "तवा खाली तपाना, हंडी भरको तपाना." म्हणजे तवा रिकामा तापवावा, हंडी भरून तापवावी.

श्रोतेहो, मला पाच मिनिटं लागली असती ते तिनं एका ओळीत सांगितलं. जिच्यावर पाव किंवा पिझ्झा थेट भाजायचा ती फरशी म्हणजे तवा. ती कोरडी करून थंड ओव्हनमध्ये ठेवावी आणि ओव्हनबरोबरच तापू द्यावी. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, फरशी नव्हे. जाड फरशीला पाऊण तास ते तास लागतो. आणि जिच्यात भाजी, मटण, बिर्याणी शिजवायची ती हंडी. ती रिकामी तापवून तिच्यात गार मसाला ओतू नये. जिन्नस भरून थंड ओव्हनमध्ये ठेवावी आणि दोघांना मिळून तापू द्यावं. फ्रीजमधून काढलेली हंडी तापल्या ओव्हनमध्ये तर मुळीच ठेवू नये. बाहेर काढली की कोरड्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवावी, ओल्या ओट्यावर नाही. भांड्याबरोबरचा कागद मात्र रद्दीत घालू नका. बनवणाऱ्यानं काही वेगळं सांगितलं असेल तर ते आधी पाळा.

भाभीचं बोलणं झालं, पण मी उठलो नाही. म्हटलं, "भाभी, त्या पालखीला तवा माझ्यामुळं फुटला. तो ओला होता, मला माहीत होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मलाही माहीत होतं. चुलीत पाचटाची राख होती. मी काय पाचट आणायला गेले होते? शकल उचललं तर ते आतून ओलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन महिन्यांची नवरी. घरातल्या धाकट्या पोराचं नाव सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "तू बोलशील असं वाटलं होतं. दोन-तीन वर्षं वाटत होतं."

मी चाळीस वर्षं शब्दांशी खेळलो, आणि जे एक वाक्य बोलायचं होतं ते राहून गेलं होतं.

त्या रात्री जेवताना सगळे बसले होते. भाऊ, पुतणे, त्यांच्या बायका. मी सर्वांसमोर सांगितलं, की १९८१ साली पालखीला तवा कुणी फोडला. दादी ऐकायला नव्हती, अम्माही नव्हती. भाऊ बराच वेळ ताटाकडं बघत राहिला. भाभीच म्हणाली, "आता जेवा. भाकरी निवते."

मग मुलीला फोन लावला आणि भाभीची ती ओळ जशीच्या तशी सांगितली. तिची फरशी आणि हंडी, दोन्ही अजून शाबूत आहेत.