बशींतलें मीठ आणि लोणारच्या पिशव्या



मिठाचा धडा मीं माझ्या नोकरीच्या काळांत तीसएक वेळां तरी शिकविला असेल. बशींत मिठाचें पाणी घ्यावें, ती उन्हांत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं मुलांना दाखवावी. पाणी गेलेलें असे, मीठ राहिलेलें असे. मग मी फळ्यावर लिहीत असें : ‘सूर्य फक्त पाणी नेतो, बाकी सारें मागें राहतें.’ वाक्य खरें आहे. परंतु त्यांतील ‘बाकी सारें’ या दोन शब्दांकडे माझें लक्ष कधींच गेलें नाहीं. आज त्यांविषयींच बोलावयाचें आहे.

खाऱ्या सरोवरांची गोष्ट या बशीसारखीच असते. एका अंगानें पाणी आलें व दुसऱ्या अंगानें निघून गेलें, म्हणजे तळें गोडें राहतें. बाहेर पडण्यास वाट नसली कीं पाण्याला एकच मार्ग उरतो, तो आकाशाचा. ओढ्यानाल्यांनीं आणलेले क्षार मात्र सांचत जातात. राजस्थानांत जयपूरच्या नैर्ऋत्येस सांभर सरोवर आहे, तें असेंच. मेंढा, रूपनगढ वगैरे नद्या पावसाळ्यांत त्यास येऊन मिळतात. त्यांतून बाहेर एकहि जात नाहीं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें दुसरें उदाहरण. उल्का आदळून काळ्या पाषाणांत सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा पडला, त्याच्या तळाशीं हें सरोवर बसलें आहे. तेथून पाणी वाहून जाईल तरी कोठें?

आतां, ओढे केवळ क्षारच आणतात असें थोडेंच आहे! गांवच्या गटारांतून, उकिरड्यांवरून जें जें वाहतें तें सारें ते आणतात. त्यांत झाडाचें पान असलें तर तें कुजतें. चिंधी सुताची असली तर तीहि कुजते. प्लॅस्टिक तसें कुजत नाहीं. उन्हानें तें ठिसूळ होतें, तडकतें आणि त्याचे तुकड्यांचे तुकडे होत जातात. 5 मिलिमीटरांहून लहान अशा कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो रिचर्ड टॉम्प्सन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या 2004 सालच्या निबंधापासून. आपले टेरिलीनचे सदरे व नायलॉनच्या साड्या धुतांना जे तंतु सुटतात, तेहि याच जातीचे. एखादी वाहती नदी असा ऐवज समुद्रास तरी नेऊन देते. तें कांहीं पुण्यकर्म नव्हे. पण खाऱ्या सरोवरास तेवढीहि सोय नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. वाळूंतून प्लॅस्टिकचे कण निवडावयाचे असले, म्हणजे शास्त्रज्ञ ती वाळू मिठाच्या दाट पाण्यांत ढवळतात. तें पाणी इतकें जड असतें कीं, साध्या पाण्यांत बुडणारा नायलॉनचा कण त्यावर तरंगतो आणि वाळू खालीं बसते. मिठागराच्या वाफ्यांत असें दाट पाणी उघड्यावरच पसरलेलें असतें. खाऱ्या पाण्यांत आर्टीमिया नांवाचा, कोळंबीचा दूरचा आप्त शोभेल असा एक चिमुकला जीव राहतो. तो पाणी गाळून पोट भरतो आणि गाळतांना अन्नाचा कण कोणता व प्लॅस्टिकचा कोणता हें त्यास कळत नाहीं. प्रयोगशाळांतून हें दिसून आलें आहे. आणि ज्यास आपण फ्लेमिंगो म्हणतों, तो रोहित पक्षी असल्याच जिवांवर चोंच फिरवीत हिंडतो.

तेथून आपल्या ताटापर्यंतचें अंतर फार नाहीं. चीनमधील संशोधकांनीं 2015 सालीं बाजारांतील मीठ तपासलें. सरोवरांच्या मिठांत किलोमागें 43 ते 364 कण निघाले. समुद्राच्या मिठांत 550 ते 681. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं 2018 सालीं आपल्याकडील समुद्री मीठ तपासलें, तेव्हां त्यांतहि कण व तंतु सांपडले. रोज 5 ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटांत वर्षाला त्यांतून 117 मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जातें, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे मिलिग्रॅमचा सुमारें आठवा हिस्सा. गृहिणींनीं घाबरून मिठाची बरणी रिकामी करावी, असें हें प्रमाण नव्हे. शिवाय समुद्राचें पाणी वाफ्यांत घेण्यापूर्वीं वाळूंतून गाळलें, तर वजनानें 85 टक्के प्लॅस्टिक निघून जातें, असेंहि त्यांनींच दाखविलें आहे. मिठागरास हा उपाय लागू पडतो. आख्खें सरोवर मात्र कोण गाळणार?

हें वाचल्यावर माझ्या नातीनें माझाच प्रयोग उलटा केला. चमचाभर मीठ पाण्यांत विरघळविलें, गाळणकागदांतून गाळलें आणि भिंग माझ्या हातीं दिलें. कागदावर एक निळसर तंतु होता. तो मिठांतला कीं आमच्याच पंचाचा, सुताचा कीं प्लॅस्टिकचा, हें भिंगास कसें कळावें! त्यास अवरक्त किरणांचें यंत्र लागतें, असें मी तिला म्हणालों. ती म्हणाली, “पण आजोबा, तुम्ही बशींत कधीं पाहिलें होतें का?”

पाहिलें नव्हतें. आणि त्याच क्षणीं मला लोणारची सहल आठवली. साल 1993. चिवड्याच्या पिशव्या मीं स्वतः मोजून घेतल्या होत्या, बेचाळीस. खळग्याच्या कांठावर मुलें खावयास बसलीं आणि वारा सुटला. परत मोजल्या तेव्हां अडतीस भरल्या. एक मुलगा म्हणाला, “सर, खालीं जाऊन घेऊन येऊं का?” मोटारीस उशीर होत होता. मीं म्हटलें, “राहूं दे.”

त्या चार पिशव्यांचे आजवर किती तुकडे झाले असतील, तें गणित मला सुटत नाहीं. पण त्या खळग्यांतून त्या बाहेर पडल्या असतील असें मला वाटत नाहीं. माझ्याच फळ्यावरील वाक्य तसें सांगतें.