उंबरठ्यावरची मराठी

मी देवासचा, आजोळ धारचं. राज्यशास्त्र शिकतोय. दोन्ही गावं मध्य प्रदेशातल्या माळव्यात. दोन्हीकडे पवारांची संस्थानं होती, म्हणून तिथे आजही मराठी घरं आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख तुम्हाला पाठ आहे. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी आमचा मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेला. तुमच्याकडे लढा उभा राहिला. आमच्याकडे मराठी गुपचूप घरात जाऊन बसली. उंबरठा हीच आमची सीमा. आत मराठी, बाहेर हिंदी नि माळवी.

लहानपणी दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागायचं. वर्गात मी 'मराठी'. पुण्यात "मी येऊन राहिलोय" म्हटलं की भावंडं हसायची, "हा बघा हिंदीवाला!" हळूहळू मी बोलणंच कमी केलं. अकरावीत वही लिहायला लागलो. आजीचं बोलणं मराठीत, चहावाल्याचं माळवीत, जसं कानावर पडलं तसं. वहीत कुणी हसत नव्हतं. 'येऊन राहिलोय' तिथे तसंच राहिलं. मन शांत व्हायला लागलं ते तेव्हापासून.

मग वाचनात माणसं भेटली. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, पण हिंदीतले मोठे कवी झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. यातला परका कोण? तुमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व, घरची भाषा कन्नड, १९४८ साली क्षयाच्या आजारपणात देवासला आले. गाणं बंद होतं, तेव्हा माळवी लोकगीतं ऐकत राहिले. पुढे त्यांनी कबीर गायला, तुकाराम गायला. भा. रा. तांबे देवासला शिकलेले. त्यांच्या कवितांचाही कार्यक्रम कुमारांनी केला.

कुणी म्हणेल, वहीने काय होणार? खरंय, वहीने शाळा मिळत नाही. घटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगतं, ती मागत राहिलंच पाहिजे. पण माझी धाकटी बहीण मराठी बोलते, वाचत नाही. उद्या शाळा मिळाली आणि घरात भाषाच उरली नाही, तर?

म्हणून आज रात्री एक पान लिहा. आजी बोलते तसं. मधेच कन्नड शब्द आला तर येऊ द्या, खोडू नका. आणि लिहिलेलं घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मी बहिणीला दाखवतो.