कतारगाम दरवाजाजवळची थडगी
(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक समारंभातील भाषण)



सुरतेचे नाव निघाले की मराठी मनापुढे दोन साले उभी राहतात : १६६४ आणि १६७०. शिवछत्रपतींच्या या दोन स्वाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. परंतु त्या वेळी समोरच्या बाजूस जी माणसे होती त्यांतील काही याच शहरात, कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत, याची जाणीव सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनाही क्वचितच असते.

यांपैकी पहिले नाव सर जॉर्ज ऑक्झिंडेन याचे. १६६२ पासून तो सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष होता. १६६४ च्या जानेवारीत मोगल सुभ्याचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. ऑक्झिंडेनने मात्र वखारीचे दरवाजे लावून तोफा सज्ज केल्या व खंडणी देण्याचे नाकारले. बादशहाने संतुष्ट होऊन इंग्रजांना जकातीत सवलत दिली. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या हाती आले तेव्हा त्याचा कारभारही याच्याकडे सोपविण्यात आला. पण ते अधिकारपद त्याला वर्षभरही लाभले नाही. १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेतच वारला.

त्याची समाधी पाहणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते तिच्या घडणीचे. ती इंग्लंडातील चर्चच्या आवारात शोभेल अशी मुळीच नाही. दुमजली इमारत, कमानी, वर घुमट, असा सारा थाट मोगली आहे. या शहरात माणसाचा मरातब घुमटावरून ओळखला जात असे, हे त्या व्यापाऱ्यांनी नेमके हेरले होते. आत त्याचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर याचे थडगे आहे. तो १६५९ मध्ये, थोरल्या भावाच्या दहा वर्षे आधी गेला. त्याच्यावरील लॅटिन लेख खतावणीच्या भाषेत रचलेला आहे. मृत्यूने अवचित हिशेब मागितला, कंपनीने सेवक गमावला, सोबत्यांनी सोबती गमावला, आणि मृताने मात्र मृत्यू आपल्या जमेच्या बाजूस मांडावा, असा त्याचा भावार्थ. जमाखर्चावर वाढलेल्या या शहरात याहून समर्पक मृत्युलेख सापडणे कठीण.

दुसरे नाव जेराल्ड आंजियर याचे. ऑक्झिंडेननंतर अध्यक्षपद व मुंबईची गव्हर्नरी त्याच्याकडे आली. मुंबईत न्यायालय उभारणारा आणि निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना तेथे बोलावून वसविणारा हाच. दोन स्वाऱ्यांची झळ लागलेल्या सुरतेपेक्षा समुद्राने वेढलेले बेट अधिक निर्धास्त, हे त्याने ओळखले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा त्याने ऑक्झिंडेन घराण्यातीलच हेन्री यास वकील म्हणून नजराण्यासह पाठविले व तह करून घेतला. ज्या घराण्याने दहा वर्षांपूर्वी दरवाजे लावून घेतले त्याच घराण्यातील पुरुष छत्रपतींच्या सिंहासनापुढे अदबीने उभा राहिला! आंजियर ३० जून १६७७ रोजी सुरतेत मरण पावला.

जवळच डचांची दफनभूमी आहे. तेथे हेंड्रिक व्हान रेडे याची भव्य समाधी आहे. हा एके काळी मलबारचा डच सेनाधिपती होता. पुढे डच कंपनीतील लाचलुचपत निपटून काढण्यासाठी त्यास मोठ्या अधिकारांनिशी धाडण्यात आले. त्या कामावर असतानाच, १६९१ च्या डिसेंबरात, सुरतेस येताना मुंबईजवळ समुद्रात त्याचा अंत झाला. त्याची समाधी ऑक्झिंडेनच्या समाधीवर ताण करण्यासाठीच एवढी मोठी बांधली, असे सांगतात. तिच्या नुसत्या दुरुस्तीसाठी कंपनीच्या नावे सहा हजार रुपये खर्ची पडल्याची नोंद आहे. भ्रष्टाचार शोधावयास निघालेल्या अधिकाऱ्याच्या थडग्यावर हा खर्च!

परंतु व्हान रेडेचे खरे स्मारक दगडाचे नव्हे. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती देणारा त्याचा ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ पासून ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. त्या तिघांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. आपली अक्षरे युरोपात इतक्या लवकर छापली गेली ती सुरतेत निजलेल्या या माणसाच्या ग्रंथात.

इंग्रजांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. सुरतेच्या वखारीतून धाडलेली पत्रे १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहात आली. शिवकालाचा अभ्यासक त्यांच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. ती पत्रे शत्रूची आहेत. त्यांत भीती आहे, तुच्छता आहे, स्वार्थ तर आहेच. तथापि तारीख, वार, रक्कम लिहून ठेवण्याची सवय त्यांना होती, म्हणून मराठ्यांचा पराक्रमही त्यांच्या कागदांतून सिद्ध करता येतो.

ही थडगी आज पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहेत. पण खाते भिंती राखील, अर्थ राखणार नाही. तेथील लेखांचे मराठी व गुजराती भाषांतर करून ते येथील कपाटात ठेवणे, वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना तेथे नेऊन १६६४ ची हकीकत दोन्ही बाजूंच्या साधनांतून वाचून दाखविणे, एवढे काम शंभरी गाठलेल्या ग्रंथालयास जड नाही. परक्यांची म्हणून ही थडगी उपेक्षिली तर हानी त्या मृतांची होणार नाही. सुरतेतील मराठी मुलाला आपल्याच इतिहासाची अर्धी बाजू कळेल, ही हानी मोठी आहे.