टीम लीडर आणि दामाजीपंत

श्रोतेहो, आणि उद्या हे छापून आल्यावर वाचणाऱ्या माउली, तुम्हीसुद्धा. सप्ताहभर ज्ञान, भक्ती, वैराग्य यांवर बोलून झालं. आजचा प्रश्न दुकानातला आहे. कापडाच्या मोठ्या दुकानात पाच-सहा वर्षं उभं राहून काम केलेल्या माणसाला मॅनेजर बोलावतो आणि म्हणतो, या मजल्यावरची सात माणसं उद्यापासून तुझ्या हाताखाली. तू टीम लीडर. पगारात थोडी वाढ. आता हे पद घ्यावं की नको म्हणावं?

हसू नका. ही चिठ्ठी परवा इथेच पेटीशेजारी कुणी ताईंनी ठेवली होती. नाव नाही. 'महाराज, ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्यावर हुकूम कसा करू?' एवढंच लिहिलंय. मला विचाराल तर मोठमोठ्या शास्त्रार्थापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. राजाला वरचं कुणी नाही, चाकराला खालचं कुणी नाही. मधल्याला दोन्ही. जात्याची खालची तळी जागची हलत नाही, वरची थांबत नाही, आणि मधे असतो तो दाणा. तुम्हाला दाणा व्हायला बोलावलंय, बरं का!

आता देहूला चला. बोल्होबांच्या घरी वाण्याचं दुकान, सावकारी, आणि देहूच्या पेठेची महाजनकी. बोल्होबा थकले. त्यांनी थोरल्याला, सावजींना विचारलं, की बाबा, हे सगळं तू सांभाळ. सावजी विरक्त. ते नको म्हणाले. मग भार आला मधल्यावर. वय वर्षं तेरा सांगतात. त्यांनी घेतला. ते मधले म्हणजे आपले तुकोबाराय.

लक्ष इथे द्या. संप्रदायात आजवर कुणी सावजींना नावं ठेवलेली नाहीत. नाकारणं हे पाप नाही. पण सावजींचं नाकारणं कशातून आलं होतं? त्यांना त्या धंद्यातलं काहीच नको होतं, नफाही नको आणि मानही नको. आपलं नाकारणं तसं असतं का? आपल्याला पगारवाढ हवी असते, 'मॅडम' म्हटलेलं आवडतं, फक्त मैत्रिणी रुसतील ही भीती असते. आणि त्या भीतीलाच आपण वैराग्याची कफनी घालतो. 'मला नाही बाई पदाचा सोस.' अहो, सोस आहे. धीर नाही. दोन्ही वेगळं आहे.

आता घरात आजारी माणूस आहे, लेकरू लहान आहे, रात्री दुकान बंद करून किल्ली देईपर्यंत थांबणं जमणार नाही, असं असेल तर सरळ नाही म्हणावं. त्यात लाज कसली? सासूबाईंना औषध वेळेवर देणं हीसुद्धा सेवाच. पण कारण खरं सांगा. मॅनेजरला नाही सांगितलं तरी चालेल, स्वतःला सांगा.

बरं, घेतलं पद. मग?

पहिल्या आठवड्यातच ड्युटीचा चार्ट तुमच्या हातात येतो. दिवाळीच्या आधीचा रविवार, सात जणांपैकी तिघांना सुट्टी हवी. त्यातली एक तुमची जिवाची मैत्रीण. तिला सुट्टी दिलीत तर ती सुट्टी आली कुठून? दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढलीत. ती दुसरी बोलणार नाही, मुकाट्याने साड्यांच्या घड्या घालत राहील, पण घरी जाऊन रडेल. इथे पुन्हा तुकोबांकडे बघा. १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. दुकान बुडालं, पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा गेला. पुढे कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी काय केलं? धाकट्या कान्होबांची निम्मी खतं बाजूला काढून त्यांच्या हातात दिली. स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. उदार व्हायचं तर आपल्या वाट्यातून. भावाच्या वाट्यातून दान करायला तुकोबासुद्धा तयार झाले नाहीत. तेव्हा मैत्रिणीला रविवार द्यायचा असेल तर आपला द्यावा.

कुणी चाणाक्ष श्रोता म्हणेल, महाराज, मग दामाजीपंतांचं काय? त्यांनी कुठे स्वतःचं दिलं?

शाब्बास. हाच खरा पेच. दामाजीपंत मंगळवेढ्याचे. चाकरी बेदरच्या बादशहाची. कोठार बादशहाचं, धान्य बादशहाचं, पंतांच्या हाती फक्त किल्ली. म्हणजे बघा, तेसुद्धा मधलेच! दुष्काळात माणसं दारात पडू लागली आणि पंतांनी हुकमाविना कोठार उघडलं. धन्याच्या वाट्यातून दिलं. मग त्यांना संत का म्हणायचं, चोर का नाही?

कारण दडवलं नाही. खोटा हिशेब लिहिला नाही. याचा जाब आपल्याला मान देऊन चुकवावा लागेल हे माहीत असताना दिलं, आणि पकडायला आले तेव्हा दुसऱ्या कुणाकडे बोट न दाखवता चालू लागले. पुढे विठूरायानं महाराचं रूप घेऊन बेदरला जाऊन दाणा न् दाण्याची किंमत भरली, ही कथा तुमच्या पोरांनाही पाठ आहे. पण देव भरायला आला तो नंतर. पंतांना ते आधी ठाऊक नव्हतं.

दुकानात हे असं येतं. बिलिंगवरच्या नव्या पोरीचा गल्ला रात्री दोनशे रुपयांनी कमी भरतो. ती रडते. तुम्ही टीम लीडर. दयेपोटी एखादी साडी परत आली असं खोटं दाखवून हिशेब जुळवलात, तर तो दामाजीपणा नव्हे. ती दया अंधारातली. उद्या स्टॉक मोजताना ती साडी कुठून आणाल? त्यापेक्षा त्या पोरीला घेऊन बसावं, एकेक बिल बघावं. नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एका पैसाठी रात्रभर दिवा लावून बसले होते, सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. तसं बसावं. नाहीच सापडलं तर मॅनेजरपुढे उभं राहून म्हणावं, पोर नवीन आहे, शिकवायचं काम माझं होतं, काय बोलायचं ते मला बोला. हे ज्याला जमेल असं वाटतं त्यानं पद घ्यावं. सगळ्यांशी गोड राहता येणार नाही म्हणून जो सोडतो, त्याच्या जागी कोण येतं माहीत आहे? ज्याला कुणाशीच गोड राहायचं नसतं, तो.

तेव्हा चिठ्ठीवाल्या ताई, माझं मत विचाराल तर घ्या. जिला डबा खाल्लेला आठवतो आणि त्याची धास्ती वाटते, तिच्या हाताखाली ती सात माणसं बरी राहतील. डबा मात्र त्यांच्यातच बसून खा. आठ दिवस तोंडं फिरवतील, नवव्या दिवशी कुणीतरी लोणचं पुढे करेल.

एक व्यवहाराचं सांगतो, कीर्तनकारानं सांगू नये असं शास्त्र नाही. सही करण्याआधी कागद वाचा. आपल्या राज्यात दुकानांचा २०१७चा कायदा आहे. त्यात जादा वेळ काम केलं तर दुप्पट दर आहे. पण देखरेखीच्या पदावरच्या ज्या माणसांची यादी दुकान लावतं, ती त्या कायद्यातून वगळलेली असतात. नुसतं नाव मोठं झालं आणि जादा तासांचे पैसे गेले, तर वाढलेल्या पगारात हाती काय उरतं ते कागदावर मांडून बघा. साप्ताहिक सुट्टी कुठली, ते विचारा. गल्ला कमी भरला तर तो कुणाच्या पगारातून, तेही विचारा. आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी नको.

बोला, पुंडलिकवरदे हरि विठ्ठल!